लाल दिवा आणि शेजारचा काटा

अंगठ्याच्या नखाएवढा मी एक जुना लाल दिवा आहे, मित्रांनो. आज मी एका प्रशिक्षण शाळेत लाकडी फळीवर बसवलेला दिसतो. पण माझी उमेदीची सव्वीस वर्षं एका मोठ्या प्रवासी विमानात गेली, दोन वैमानिकांच्या खुर्च्यांमध्ये, ब्रेकच्या दांड्याला खेटून.

माझा जन्म एका कारखान्यातल्या लांबलचक टेबलावर झाला. एका बाईंनी चिमट्याने माझ्या पोटात दोन बारीक बल्ब बसवले. एक गेला तरी दुसरा जळत राहावा म्हणून दोन. त्यांनी मला तीनदा पेटवून पाहिलं आणि "हा दगा देणार नाही" असं म्हणून डब्यात ठेवलं. ते वाक्य मी जन्मभर जपलं.

माझं काम सोपं होतं. विमान उभं केलं की दांडा ओढायचा आणि मी पेटायचं. दांडा सोडला की विझायचं. माझ्या शेजारी एक छोटं गोल घड्याळ होतं, त्यात एकच काटा. ब्रेकमध्ये दाब किती उरलाय ते तो दाखवी; पुरता भरलेला असला की तीन हजार, आणि दाब संपला की दांडा ओढूनही ब्रेक लागत नाही. तो काळासावळा आणि मी लालभडक, त्यामुळे सगळ्यांची नजर माझ्यावरच पडे. खोटं कशाला सांगू, मला ते आवडायचं.

खाली चाकांपाशी एक जुने मेकॅनिक असत. चाकांना लाकडी ठोकळे लावणं आणि काढणं त्यांच्याकडे, म्हणून सगळे त्यांना ठोकळेमामा म्हणत. बोलणंही तसंच, मोजकं आणि चौकोनी. ठोकळे काढण्याआधी ते कानावरच्या फोनमधून वर विमानात माझ्यापाशी बसलेल्याला एकच प्रश्न विचारत, "काटा किती?" वरून "तीन हजार" असं उत्तर आलं की मगच वाकत. कोणी नुसतं "दिवा लागलाय" म्हटलं तर म्हणत, "दिवा माझ्या घरीही लागतो. काटा सांग."

पुढे त्यांची सख्खी भाची परीक्षा देऊन तिथेच तंत्रज्ञ झाली. वडील लवकर गेलेली ही मुलगी मामांनीच शिकवली होती. ती वर बसू लागली आणि मामा खाली. सुरुवातीला तीही काटा वाचून सांगे. पण काटा नेहमी तीन हजारांवरच असायचा. रोज तेच विचारायचं आणि रोज तेच सांगायचं, याचा दोघांनाही कंटाळा आला असावा. हळूहळू प्रश्न नुसता "ब्रेक?" एवढाच उरला आणि उत्तर "लाल आहे, मामा" एवढंच. घरच्या माणसाला किती उलटतपासणी करायची? हे असं अंगवळणी पडलं की कोणाच्या लक्षातही आलं नाही. माझ्याही नाही. उलट माझा मान वाढला असंच मला वाटलं.

त्या दिवशी विमान सकाळपासून उन्हात उभं होतं. इंजिनं बंद, दाब भरणारा पंपही बंद. कुठल्याशा सांध्यातून दाब झिरपत होता. शेजारचा काटा उतरताना मी पाहत होतो, मित्रांनो. दुपारपर्यंत तो पार तळाला गेला. आणि मी? मी पेटलेलाच होतो, कारण दांडा ओढलेला होता. मला तेवढंच कळतं. दांड्याच्या पुढे काय उरलंय ते मला कधीच कोणी सांगितलं नव्हतं.

विमान ओढून न्यायचा ट्रॅक्टर लांबून येताना दिसला. तो पोचेपर्यंत ठोकळे काढून ठेवू, तेवढाच वेळ वाचेल, असं मामांना वाटलं.

"ब्रेक?"

भाचीने माझ्याकडे पाहिलं. काटा माझ्यापासून चार बोटांवर होता, पण तिकडे तिची नजर गेली नाही.

"लाल आहे, मामा. काढा."

जमिनीला थोडा उतार होता. शेवटचा ठोकळा निघाला आणि विमान मागे सरकलं. भाचीने दोन्ही पायांनी पेडल दाबलं, पण पेडल रिकामं होतं. मग तिने पंप सुरू केला आणि चार पावलांत चाकं थांबली. मात्र त्या चार पावलांत मामांचा उजवा पाय होता.

चौकशी झाली. माझे बल्ब काढून तपासले. "दिवा चोख आहे," असा शेरा पडला. मला इतकं वाईट आयुष्यात कधी वाटलं नाही. मी खोटं बोललो नव्हतो, आणि माझ्यामुळेच एका माणसाचं अर्धं पाऊल गेलं होतं.

मामा म्हणाले, "चूक माझी. मी विचारायचं सोडलं." भाचीला ते सोसवेना. तिने मामांच्या घरी जाणं बंद केलं, विमानतळही सोडला आणि या शाळेत शिकवू लागली. विमान मोडीत निघालं तेव्हा तिने मला, दांड्याला आणि त्या काट्याला मागून आणलं आणि फळीवर शेजारी शेजारी बसवलं.

मागच्या महिन्यात एक तास चालू होता. तिने दांडा ओढला. मी पेटलो.

"हा दिवा काय सांगतो?"

"ब्रेक लागलाय," सगळा वर्ग म्हणाला.

"मग ठोकळे काढायचे का?"

"हो."

तेवढ्यात दारातून काठीचा आवाज आला. मामा तिथे कधीपासून उभे होते कोण जाणे. सहा वर्षांनी दोघं समोरासमोर आले होते. त्यांनी तिला कशी आहेस असंही विचारलं नाही.

"काटा किती?" ते म्हणाले.

तिने आधी माझ्याकडे आणि मग शेजारच्या काट्याकडे पाहिलं. डोळे भरून आले होते तिचे.

"तळाला आहे, मामा."

"मग राहू देत ठोकळे," मामा म्हणाले आणि पुढच्या बाकावर बसले.

मित्रांनो, दिवा विझला की सगळेच सावध होतात, त्यासाठी माझी विनवणी नको. मी पेटलेला असेन, रोजच्यासारखा, आणि सांगणारं माणूस अगदी आपलं असेल, तेव्हा मात्र विचारायचं सोडू नका.