भिंतीपलीकडे जाणारी तार

इंजिनीअरबाई बूट काढून जमिनीवर बसली, ती नेमकी तारेवर. फरशीवाल्याने गोंदाची बादली उघडली होती. तो बिचारा एकदा तिच्याकडे बघे, एकदा साहेबांकडे.

"ऊठ," साहेब म्हणाले. "सोमवारी उद्घाटन आहे."

"असू दे. पण यावर फरशी बसू देणार नाही मी."

मोडायला आलेले संसार इथे बोलून बघायचे, म्हणून ही जागा बांधली होती. शेजारी शेजारी दोन खोल्या, मध्ये एक भिंत. कमी ऐकू येणाऱ्यांसाठी प्रत्येक खोलीत फरशीखाली तारेचं चौकोनी वेटोळं. टेबलावरच्या माईकमध्ये बोललेलं तारेतून फिरतं आणि कानातल्या यंत्रातलं चिमुकलं वेटोळं ते उचलतं. भोंगा नाही, ओरडणं नाही. झकास सोय. फक्त पहिल्या खोलीची तार दुसऱ्या खोलीत बसलेल्याच्या कानापर्यंत किती पोचते, हे कोणीतरी काढायला हवं होतं. यालाच म्युच्युअल इंडक्टन्स म्हणतात आणि तो तिने काढला होता.

कानातलं वेटोळंही तिने चौकोनी धरलं. याच्या चार बाजू, त्याच्या चार, म्हणजे सोळा जोड्या. काटकोनातल्या तारा एकमेकींशी अबोला धरतात, त्या आठ जोड्या शून्य. उरलेल्या आठ समांतर, त्यांची बेरीज. त्यातही भिंतीलगतची बाजू सगळ्यांत आगाऊ. उत्तर आलं ते तिने दोनदा ताडून बघितलं. भिंतीजवळच्या खुर्चीत पलीकडचं बोलणं स्वच्छ ऐकू येणार होतं.

साहेबांनी तो कागद बघितला आणि भिंतीवर थाप मारली. "एवढी जाड वीट आहे. यातून काय जाणार?" आता या माणसाला कोण समजावणार? वीट आवाज अडवते. तारेभोवतीचं चुंबकीय क्षेत्र विटेला विचारून जात नाही.

"दोन्हीकडची तार उचलून आठच्या आकड्यासारखी टाकते," ती म्हणाली. "एका अर्ध्याने बाहेर सांडलेलं दुसरा अर्धा बरंचसं पुसून टाकतो. मधल्या तारेवर आवाज मरतो, तिथे टेबल ठेवू. दोन दिवस द्या."

"दोन तासही नाहीत. तार तपासल्याची सही कर आणि ऊठ." एवढं बोलून साहेब फोन कानाला लावत पलीकडच्या खोलीत गेले आणि त्यांनी दार घट्ट ओढून घेतलं. सकाळच्या चाचणीपासून तिथला माईक चालूच होता. त्याचा हिरवा दिवा साहेबांना दिसतही होता. पण भिंतीवर त्यांचा भारी विश्वास.

अलीकडच्या खोलीत, भिंतीला टेकलेल्या खुर्चीत तिची आत्या बसली होती. आत्याचे कान तरुणपणीच गेले होते. यंत्रं तपासायला भाची तिलाच आणायची, आणि आत्याही ऐटीत यायची. आत्याने नवऱ्याला सोडलं तेव्हा कचेरीतला माणूस तिच्या कानाशी तोंड नेऊन ओरडला होता, "मारायचा का? कुठे मारायचा?" बाहेर बाकांवर बसलेल्या सगळ्यांनी ते ऐकलं. बोट धरून आलेल्या भाचीनेही. ती लाज तिच्या मनातून कधी गेली नाही. हे काम तिने घेतलं ते त्यासाठीच, आणि आज ते अर्धवट टाकून उठणं म्हणजे आत्याला पुन्हा त्याच बाकांसमोर उभं करणं होतं.

आत्याने यंत्राचं बटण तारेवर ऐकायच्या खुणेवर सरकवलं होतं. ती एकदम ताठ झाली. कपाळाला आठी पडली. मग उठून, दार उघडून ती थेट साहेबांसमोर उभी राहिली. भाची धावत तिच्या मागे गेली.

"पोरगी हट्टी आहे," आत्या खणखणीत आवाजात म्हणाली. "तिला रजेवर पाठवतो. सही काय, तिच्या नावाने मीच ठोकून देतो. मग कशाला बोंबलेल?"

साहेबांचा फोन कानावरून खाली आला. "हे... हे कोणी सांगितलं तुम्हाला?"

"तुम्हीच की. आत्ता."

फरशीवाल्याने खोकल्याचं निमित्त करून तोंड फिरवलं. साहेबांचा चेहरा पडला, पण लगेच तो रागाने लाल झाला. "उद्यापासून येऊ नकोस," ते भाचीवर डाफरले.

"बरं," ती म्हणाली. "उद्या नाही येत. आज तार उचलते."

"आणि परत टाकायला तिला बोलावलं नाहीत," आत्या म्हणाली, "तर सोमवारी मी येईन. त्याच खुर्चीत बसेन. या खोलीत पाहुण्यांच्या कानात जे बोलाल, ते तिकडे सगळ्यांना सांगेन. माझ्या वेळी ओरडून सगळ्यांना कळलं, आता कुजबुजून कळेल. आणि साहेब, मला हळू बोलता येत नाही."

साहेबांनी माईककडे बघितलं आणि तो बंद केला. फरशीवाल्याने बादलीवर झाकण ठेवलं आणि ते हाताने दाबून पक्कं बसवलं.

भाची कोपऱ्यातून तार सोडवायला लागली. आत्या पदर खोचून खुर्चीत बसली आणि येईल तशी तार हाताच्या पंजापासून कोपरापर्यंत, लोकर गुंडाळावी तशी गुंडाळत राहिली.