पेशीगुरूंची द्राक्षं

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. मागचे लोक खुर्च्यांवर चढून बघत होते, कारण व्यासपीठावर चमत्कार चालला होता. आलेल्या लोकांची दारातच तीनशेच्या वर निघालेली रक्तातली साखर पेशीगुरू निव्वळ बोलून उतरवत होते.

"शरीर म्हणजे निरोपांची पेढी," गुरू सांगत होते. "निरोप येतो, पण तुमच्या पेशी बहिऱ्या. मी त्यांचे कान उघडतो. मग इंजेक्शन कशाला हवं?"

टाळ्या पडल्या. मावशीने मात्र हात मांडीवरून हलवले नाहीत. ती शाळेत विज्ञान शिकवायची आणि तिला या माणसाचा पहिल्यापासून संशय येत होता. निरोपाची गोष्ट खरी होती, म्हणूनच ती जास्त धोक्याची. इन्शुलिन हा निरोपच. तो पेशीच्या कडेला पोचला की आत एकाकडून दुसऱ्याकडे सांगावा जातो आणि साखरेला दार उघडतं. पण शेजारी बसलेल्या तिच्या भाचीच्या शरीरात हा निरोप तयारच होत नव्हता. सहावीतली ती पोर इंजेक्शनवर जगत होती. निरोपच नाही, तर कान उघडून पेशी ऐकणार काय?

"आल्यावर तीनशे चाळीस होती," भाचीची आई, मावशीची धाकटी बहीण, कुजबुजली. "आता उतरली की आजपासून सुया बंद. तिचे हाल बघवत नाहीत गं, ताई."



"आता जागृत पाण्याने हात धुवा," गुरूंनी फर्मावलं. सगळ्यांनी धुतले. भाचीचं बोट पुन्हा टोचलं. एकशे तीस. बहिणीने पर्समधली इन्शुलिनची बाटली काढली आणि गुरूंच्या पायाशी ठेवायला ती उठली.

"आई, थांब ना," भाचीने तिचा पदर धरला. "मघाशी त्यांनी द्राक्षं बोटांनी कुस्करून खायला लावली आणि तसंच टोचलं. दवाखान्यातल्या काकू आधी हात धुवायला लावतात."

दारात द्राक्षं वाटताना हात पुसायला साधा कागदही दिला नव्हता. मावशीला तो चिक्कूपणा वाटला होता. आता डोक्यात प्रकाश पडला. ती तडक व्यासपीठावर चढली.

"मला मधुमेह नाही. माझीही तपासा," ती म्हणाली. तिने दोन्ही हात स्वच्छ धुतले, डाव्या हाताने एक द्राक्ष कुस्करलं आणि दोन्ही हातांचं एकेक बोट पुढे केलं. नाही म्हणायची सोय गुरूंना राहिली नाही. उजव्या बोटाचा आकडा आला चौऱ्याण्णव, डाव्याचा तीनशे बारा.

"गुरुजी, माझा डावा हात आजारी आणि उजवा ठणठणीत, असं समजू का?"

लोक हसले. गुरू खाकरले. "श्रद्धा नसली की यंत्र बिघडतं."

"यंत्राला फक्त साखर कळते. रक्तातली की द्राक्षातली, ते त्याला कळत नाही," मावशी लोकांकडे वळली. "तुमची साखर उतरली नाही, बोटांवरचा रस धुतला गेला. कुणी आकडा दाखवला तर तो कसा काढला ते विचारा. आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय औषध सोडू नका. माझ्या भाचीचं इन्शुलिन बंद झालं, तर काही दिवसांत ती आमच्यात नसेल."

बहीण पायरीवरच थबकली होती. ती मागे फिरली, बाटली लेकीच्या हातात दिली आणि तिथेच खाली बसली.

"मी आज तुझी सुई बंद करणार होते," ती म्हणाली आणि रडायला लागली.