जुवाची दुसरी बाजू

मी एक जुना नाडा आहे. हसू नका मित्रांनो, परकराचा नव्हे. बैलगाडीवर कापूस बांधायचा, मनगटाएवढा जाड, अंबाडीचा नाडा. आर्णी-दिग्रस रस्त्यालगतच्या एका तांड्यावर, देवीलालच्या गोठ्यातल्या खुंटीला मी लटकलेला असतो. या घरातली माणसं आपसात बंजाऱ्यांची गोरबोली बोलतात, गावकऱ्यांशी वऱ्हाडी. मला दोन्ही समजतात. खुंटीला लटकून ऐकण्याशिवाय दुसरं काम तरी काय असतं?

माझा जन्म तीन माणसांच्या हातून झाला. देवीलालने धुऱ्यावरची, म्हणजे शेताच्या बांधावरची अंबाडी कापून नाल्यात भिजत घातली आणि सोलून तिचा वाख, म्हणजे दोराचा धागा काढला. मग एका टोकाला तो आणि दुसऱ्या टोकाला त्याची बायको भुरीबाई पीळ देऊ लागले. मधून शेजारच्या शेताचा प्रेमसिंग खाचा पाडलेलं लाकूड धरून चालत होता. खरी मेख या मधल्या माणसाच्या हातात असते. तीन पेडांतला एक जरी सैल राहिला, तरी सगळा भार उरलेल्या दोघांवर येतो आणि असा नाडा पहिल्याच चढावर दगा देतो. प्रेमसिंगच्या हाताने माझा एकही पेड सैल राहू दिला नाही. म्हणूनच बारा वर्षं मी दिग्रसच्या बाजारात कापसाच्या गाड्या नेल्या आणि एकही पुंजका रस्त्यावर सांडला नाही. तिथला एक सरकी काढणारा जिनवाला मला हाताने चाचपून म्हणाला होता, "वळणारे हात एकमेकांशी जुळलेले दिसतात." ही तारीफ मी अजून विसरलेलो नाही.

पुढे कापूस न्यायला पिकअप गाडी आली, तिच्यासोबत चकचकीत नायलॉनचा दोर आला आणि मी खुंटीवर गेलो. त्याच सुमारास धुऱ्यावरून देवीलाल आणि प्रेमसिंग यांच्यात बिनसलं. धुरा किती सरकला म्हणाल, तर जेमतेम हातभर. पण अबोला नऊ वर्षं चालला. देवीलालने त्यानंतर नाडा वळला नाही. मधून चालायला माणूसच उरला नव्हता. उंदीर माझं टोक कुरतडत, मी पडून राही.

मागच्या पोळ्याच्या आदल्या दिवसाची गोष्ट. देवीलालची बैलजोडी होती बांड्या आणि पाखऱ्या. सात वर्षं एका जुवाखाली चाललेले हे बैल. एकाला आधी पेंड टाकली तर तो दुसऱ्याला मिळेपर्यंत तोंड लावत नसे. मी पुष्कळ माणसं पाहिली आहेत, म्हणून या गोष्टीचं मला फार अप्रूप वाटे. त्या दिवशी दुपारी दोघांना धुतलं. भुरीबाईने त्यांचे खांदे हळद-तुपाने चोळले आणि आमच्याकडच्या रीतीप्रमाणे कानाशी लागून सांगितलं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." एकदा हे आवतन दिलं, की पोळा होईपर्यंत बैलाच्या खांद्यावर जू ठेवायचं नसतं.

तासाभरात बांड्याचं दावं सुटलं. हिरव्या गवताच्या मागे तो धुरा ओलांडून गेला, तारेच्या कुंपणातल्या फटीतून शिरला आणि प्रेमसिंगच्या शेततळ्यात घसरला. तुम्ही शेततळं पाहिलं असेल. आत काळा प्लास्टिकचा कागद अंथरलेला असतो. त्यावर पावसाचं शेवाळ धरलं, की खुराला टेकू म्हणून मिळत नाही. बांड्या पोहत काठाशी येई आणि घसरून पुन्हा आत जाई.

पहिला धावत आला तो प्रेमसिंगच. त्याने स्वतःची तार स्वतःच तोडली. ट्रॅक्टर आणला, पण दहा दिवस भिजलेल्या काळ्या मातीत तो पन्नास पावलं अलीकडेच रुतून बसला. नायलॉनचा दोर ओल्या हातांतून निसटू लागला. तेव्हा प्रेमसिंग मागोमाग धावत आलेल्या देवीलालशी नऊ वर्षांनी पहिलं वाक्य बोलला.

"दादा, आपन वळलेला तो नाडा हाये का अजून?"

"हाये," देवीलाल म्हणाला आणि गोठ्याकडे पळत सुटला.

तांड्यातला पट्टीचा पोहणारा फकिरा पाण्यात उतरला आणि त्याने मला बांड्याच्या छातीभोवती बांधलं. काठावर दहा जण उभे राहिले. सगळे जोरदार, सगळे मनापासून ओढणारे, पण प्रत्येकाचा हिसका वेगळा. एक ओढी तेव्हा दुसरा श्वास घेई. असाच एक आडवा हिसका बसला आणि माझा एक पेड तटकन तुटला. मला दुखलं, पण त्याहून जास्त मी घाबरलो. आता दोनच पेड उरले होते. खाली बांड्याने पाय मारणं सोडलं होतं आणि त्याचं नाक तेवढं पाण्यावर दिसत होतं.

"थांबा," देवीलाल म्हणाला. "असं नाई जमत. त्याले त्याच्या जोडीदाराची चाल मालूम हाये. पाखऱ्याले आनतो."

पाखऱ्या आणि जू आलं, तसा तांड्याचा नाईक बाबुलाल पुढे झाला. "देवीलाल, आवतन देल्लं ना त्याले? आज जू ठेवत नसतेत."

देवीलाल अडला. बोलली ती भुरीबाई. "कामाले नाई नेऊन राह्यलो, नायक. आपल्या भावाले आनाले चालला तो."

बाबुलाल बाजूला झाला. पण एकट्या बैलाच्या खांद्यावर जू तिरपं होतं, दुसरी बाजू जमिनीला टेकते. सगळे त्या रिकाम्या बाजूकडे पाहत असताना प्रेमसिंगने डोक्याचा रुमाल सोडला, खांद्यावर घडी करून ठेवला आणि वाकून जुवाखाली शिरला.

"हाका दादा," तो म्हणाला.

मला जुवाच्या मधोमध बांधलं. देवीलाल पुढे होऊन रोजची, पेरणीतली हाक देऊ लागला. पाखऱ्याने पाऊल टाकलं, तसं प्रेमसिंगनेही टाकलं. मागून मला धरलेल्या माणसांना आता ताल मिळाला. बैलाचं पाऊल पडलं की सगळ्यांनी ओढायचं. मध्येच पाखऱ्या हंबरला. शपथेवर सांगतो मित्रांनो, तळ्यातून उत्तर आलं आणि बांड्याचे चारही पाय पुन्हा हलू लागले. माझे दोन पेड कसे टिकले, मला माहीत नाही. पण त्या वेळी माझ्यावर एकही वाकडा हिसका बसला नाही, हे मात्र नक्की. दहा माणसं, एक बैल आणि बैलाच्या जागी उभा असलेला एक माणूस अशी सगळी माझ्यातून एकच होऊन ओढत होती. बांड्या कागदावरून सरकत सरकत काठावर आला आणि थरथरत उभा राहिला. पाखऱ्या त्याला चाटू लागला. इतका अभिमान मला कापसाच्या शंभर गाड्या वाहूनही वाटला नव्हता.

संध्याकाळी भुरीबाईने हळद-तुपाची वाटी पुन्हा काढली. आधी बांड्याचा खांदा चोळला, मग पाखऱ्याचा. प्रेमसिंग परतायला निघाला होता. त्याच्या खांद्याचं सालपट निघालं होतं. भुरीबाईने त्याला बस म्हटलं, सोलल्या खांद्याला हळू हाताने हळद लावली आणि बैलांना सांगतात तसंच सांगितलं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

प्रेमसिंगने खाली पाहत होकाराची मान हलवली. 

दुसऱ्या दिवशी तो जेवायला आला. दिवाळीनंतर नवी अंबाडी निघाली तेव्हा तिघांनी मिळून माझा तुटलेला पेड नव्याने भरला, आणि मधून तोच चालला. आता मी दोन जुन्या आणि एका नव्या पेडाचा आहे.

मित्रांनो, तुमच्या घरी एखादा जुना दोर असेल तर त्याला ओलीत टाकू नका, उंदरांना देऊ नका. आणि एखादा सोबती असाच खुंटीवर राहून गेला असेल, तर त्याच्याकडे जाऊन म्हणा, उद्या जेवाले या. हे आवतन फक्त बैलांनाच द्यायचं असतं, असा काही नेम नाही.