तेलातली कच

इंजिनाचं तेल तिने कागदातून गाळलं आणि कागद उजेडात धरला. लोखंडाचा बारीक चुरा चमकत होता. तेल तपासायचं काम तिचंच; थोडाफार चुरा नेहमीच निघायचा. इंजिन आतून किती झिजलंय ते त्यावरूनच कळायचं. पण आज त्यात काळे, टोकदार कण होते. तिने ते काचेवर घासून पाहिले, तर काचेवर चरे पडले.

ही व्हॉल्व्ह घासायची पेस्ट होती. ती तेलात चुकून पडत नाही, कुणीतरी टाकावी लागते. आणि तिचे डबे फिटरच्या कपाटात असतात.

कागद कारखान्याच्या वीजघरात फिटर दोघेच. एक तिचा नवरा, तिथला हेडमिस्त्री, आणि दुसरा तिचा थोरला भाऊ. हेडमिस्त्रीची जागा भावाला हवी होती. ती नवऱ्याला मिळाली तेव्हापासून दोघांमधून विस्तव जात नव्हता. मागच्याच आठवड्यात शब्दाने शब्द वाढला आणि नवऱ्याने चारचौघांत भावाच्या कानाखाली जाळ काढला. भाऊ तेव्हा नुसता हसला होता.

ती धावतच इंजिनघरात शिरली.

"अहो, इंजिन बंद करा! तेलात कुणीतरी पेस्ट घातलीय!"

"कुणीतरी?" नवऱ्याची नजर पलीकडे उभ्या असलेल्या भावाकडे गेली. "सख्ख्या भावाचं नाव घ्यायला जीभ जड झाली का?"

"भांडण मग करा. आधी इंजिन!"

पण त्याने मोठा पाना उचललाही होता.

"हो, मीच घातली!" भाऊ ओरडला. "इंजिन बसलं की कळेल सगळ्यांना, तू किती पाण्यात आहेस ते!"

पहिला घाव भावाच्या खांद्यावर बसला. भावाने डोकं खाली घालून मुसंडी मारली. नवऱ्याचं नाक फुटलं. मध्ये पडलेल्या ऑपरेटरच्या पोटात कुणाची तरी लाथ बसली आणि तो कळवळत भिंतीशी कोसळला. दोघे एकमेकांना धरून इंजिनाच्या पायाशीच लोळू लागले. नवरा वर आला. पाना पुन्हा खाली आला, आणि भावाच्या डाव्या डोळ्याच्या जागी नुसतं रक्त दिसू लागलं.

तेवढ्यात इंजिनाच्या पोटात घणाचे घाव पडल्यासारखा आवाज सुरू झाला. तिने दोघांकडे पाठ केली, इंजिनाच्या बाजूचा जिना चढून डिझेल बंद करायचा दांडा सगळा जोर लावून ओढला. इंजिन मंदावलं, पण उशीर झाला होता. आतला दट्ट्याचा दांडा तुटला आणि इंजिनाची कूस फाडून बाहेर आला. उकळत्या तेलाचा फवारा नवऱ्याच्या पाठीवर उडाला. गुरासारखा हंबरडा फोडून तो बाजूला पडला.

भाऊ चाचपडत उठला. हाताला पाना लागला. तडफडणाऱ्या मेहुण्यावर त्याने तो उगारला.

"दादा, टाक तो!"

त्याने ऐकलं नाही. तिने धावत खाली येऊन भिंतीवरचा आग विझवायचा सिलिंडर उपसला आणि त्याच्या मनगटावर हाणला. हाड मोडल्याचा आवाज तिला स्वतःला ऐकू आला. मग तिने नवऱ्याचा पेटल्यासारखा तापलेला सदरा ओढून काढला, नळ सोडला आणि बादल्यांवर बादल्या त्याच्या पाठीवर ओतल्या.

दवाखान्यात आईने तिला कोपऱ्यात गाठलं. "पोलिसांना सांग, पडापडीत झालं. सख्खा भाऊ आहे तुझा."

"पेस्ट दादाने घातली. पाना आधी ह्यांनी उचलला. मनगट मी मोडलं," ती म्हणाली. "तिन्ही सांगणार."

आणि तिने तसंच सांगितलं. भाऊ तुरुंगात गेला, एक डोळा कायमचा गमावून. नवऱ्यावरही खटला उभा राहिला, नोकरी गेली. आईने बोलणं टाकलं.

घरी पालथ्या पडलेल्या नवऱ्याच्या पाठीला ती मलम लावत होती.

"माझं नाव तरी घ्यायचं नव्हतंस," तो उशीत तोंड खुपसून म्हणाला.

"हात वर करा जरा," ती म्हणाली, "काखेपर्यंत भाजलंय."

त्याने निमूटपणे हात वर केला.