सोड म्हटल्याशिवाय

इमारतीत चारशे बारा डब्या आहेत आणि प्रत्येकीचं नाव माझ्या दादानं स्वतः स्क्रीनवर चढवलंय. मी नववीत शाळेला रामराम ठोकलेला, मला त्यानं सगळं एका दमात शिकवलं होतं: खोलीच्या भिंतीवर डबी, ती खोलीचं तापमान मोजते, आकडा दर मिनिटाला स्क्रीनवर येतो, आला तर डबी जिवंत, नाही आला तर तिचं नाव राखाडी पडतं. नाव आणि डबी जुळतात का, हे तपासायची आमची एक पद्धत होती. एकानं डबीवर तळहात दाबून धरायचा, दुसऱ्यानं स्क्रीनसमोर बसायचं आणि आकडा चढला की फोनवर म्हणायचं, ‘सोड’. तोवर हात काढायचा नाही.

त्या दिवशी अकराला दादा तळघरातल्या पंपरूममध्ये डबीवर हात धरून उभा होता. तेवढ्यात कळलं, गेटवर कुणीतरी माझी बाइक पाडली. मी स्क्रीनसमोरून तिरीमिरीत उठलो आणि भांडायला पळालो. ‘सोड’ म्हटलंच नाही. पंपाचा पाइप प्रेशरनं सुटून डोक्यात बसला, तेव्हा तो तिथंच उभा होता.

आज त्याला जाऊन सव्विसावा दिवस. पंपरूमला कुलूप आहे, तरी रोज अकराला त्या डबीचा आकडा बावीसवरून चौतीसवर जातो.

“बिघडलीय ती. लिस्टमधून उडव,” सुपरवायझरसाहेब म्हणाले.

“नाही उडवणार.”

“गाढवा, रोज अलार्म वाजतो!”

“वाजू दे की. कानाला भोकं पडली का तुमच्या?”

“नोकरीला पडतील माझ्या!”

ते तणतणत स्वतःच खाली गेले, वायर कापून डबी उचकटून आणली आणि माझ्यासमोर टेबलावर आपटली.

“घे. आता ना भिंत, ना वायर. बघू कशी चढते.”

स्क्रीनवर नाव राखाडी पडलं. अकरा वाजले. नाव परत हिरवं झालं. बावीस. सव्वीस. एकतीस. चौतीस.

साहेबांनी डबीला बोट लावलं आणि चटकन मागं घेऊन पँटला पुसलं.

“म्हण रे बाबा एकदा ‘सोड’,” मग ते हळू आवाजात म्हणाले. “मोकळा कर त्याला.”

“नाही म्हणणार. जाताना मला विचारलं होतं का त्यानं?”

मी खुर्ची पुढं ओढून स्क्रीनसमोर बसलो. एकदा उठलो होतो. आता कुणाच्या बापाला उठवता येणार नाही.

डबीच्या झाकणावर पंपरूमची धूळ होती. तिच्यात साहेबांच्या एका बोटाचा ठसा होता. त्याच्या शेजारी, कुणी हात न लावता, अख्खा तळहात हळूहळू उमटत होता.