रत्नम्माच्या यंत्राचा सांधा

मी एक जुना सांधा आहे. हसू नका, मित्रांनो! छत्रीची, घंटेची, फाटक्या पुस्तकाची कहाणी तुम्ही शाळेत लिहिली असेल. सांध्याकडे मात्र तो निखळेपर्यंत कोणी ढुंकूनही पाहत नाही. म्हणून म्हटले, आपली आपणच सांगावी.

उदगीरला रत्नम्माच्या ओसरीवर शेवयांचे यंत्र आहे. वर पीठ घालायचे स्टीलचे भांडे, खाली ते तोलणारा चार पायांचा लोखंडी घोडा, आणि दोघांना धरून ठेवणारा बोटभर लांबीचा मी. मोटार सुरू झाली की सगळे यंत्र थरथरते आणि तो सारा थरथराट माझ्या अंगावरून जातो. स्टील आणि लोखंड तसे भाऊबंदच. पण भाऊबंदांना एकत्र नांदवणे किती अवघड, हे तुम्हाला वेगळे सांगायला नको.

माझ्या आधी येथे एक थोरला सांधा होता. यंत्राचा मूळ बोल्ट तुटला, तेव्हा रत्नम्माची मुलगी मंजुश्री हिने तो केला होता. मंजुश्री लातूरच्या आयटीआयमध्ये वेल्डिंग शिकून आली आणि मागच्या अंगणात पत्र्याच्या शेडमध्ये तिने काम थाटले. खिडक्या, फाटके, खाटा. लोखंडाला लोखंड जोडण्यात तिचा हात बसलेला. जोडकामाचा तोच नेहमीचा रॉड तिने येथेही वापरला. थोरला दिसायला देखणा झाला, पण आतून ठिसूळ. ऐन चैत्रात, शेजारच्या कस्तुराबाईचे पीठ भांड्यात असताना तो कटकन मोडला. भांडे कलंडले आणि पिठाचा गोळा मातीत गेला.

"रत्नम्मा, पोरीच्या हातचं जोडकाम असंच असतंय बघ," कस्तुराबाई म्हणाली. बाई मनाने वाईट नाही. पण जिभेला हाड नाही.

मंजुश्रीने मातीतले पीठ गोळा केले. शेडमध्ये जाऊन तिने भोकरच्या बालाजीला फोन लावला. तो तिच्याबरोबर शिकलेला, आता दुधाच्या स्टीलच्या टाक्या जोडतो.

"अगं, स्टीलला लोखंड जोडायला तीनशे नऊ नंबरचा रॉड लागतो," तो म्हणाला. "साधा लावलास तर तडकणारच की. अन् करंट कमी ठेव, दमानं घे. लई तापवू नको."

तसा रॉड तिने मागवला. थोरल्याची खूणसुद्धा घासून काढली. लोखंडावरचा रंग खरवडला. स्टीलसाठी कोरा ब्रश घेतला. लोखंडाचे कण चिकटले तर स्टीलही गंजते, म्हणून लोखंडावर फिरलेला ब्रश त्याला लागू दिला नाही. मग काळ्या काचेआडून ती वाकली आणि त्या लखलखाटात मी जन्मलो. थोडे जोडायचे, थांबायचे, निवू द्यायचे. शेवटी वरची काळी खपली तिने हातोडीने ठोकून काढली, तेव्हा मी पहिल्यांदा उजेड पाहिला. समोर मंजुश्री घामाने निथळत होती आणि दारात रत्नम्मा हात जोडून उभी होती. आपल्या जन्माची एवढी वाट कोणी पाहावी, याहून मोठे भाग्य कोणते!

पुढची वर्षे सुखाची गेली. उन्हाळा लागला की ओसरीवर पिठाच्या डब्यांची रांग लागे. बायका डबा नंबराला ठेवून घरी जात आणि आपली पाळी आली की बरोबर हजर होत. अंगणभर काठ्यांवर शेवया वाळत. सगळे म्हणत, "रत्नम्माच्या शेवया केसासारख्या बारीक!" माझे नाव कोणी घेत नसे, पण मला त्याचे वाईट वाटले नाही. सांध्याची कोणी चर्चा करत नाही, हीच त्याची शाबासकी.

रत्नम्मा मात्र मला विसरली नाही. दर खंडेनवमीला ती यंत्राला विभूती लावी, मला हळदीकुंकवाचा जाड लेप देई आणि माझ्याच कडेवर नारळ फोडी. "माझ्या लेकीच्या हातचा हाय ह्यो," असे म्हणत नारळाचे पाणी माझ्यावर ओती. मग धूळ बसू नये म्हणून लगेच सगळे यंत्र खताच्या प्लॅस्टिकच्या पोत्यात गच्च गुंडाळून ठेवी, ते थेट चैत्रापर्यंत. एवढी माया! आत किती ओल कोंडते, हे तिला कसे कळावे? स्टीलला काही झाले नाही, मलाही नाही. माझ्या शेजारचे लोखंड मात्र लेपाखाली गुपचूप गंजत गेले.

यंदा चैत्रात पोते सोडले, मोटार लावली आणि भांडे डुगडुगू लागले. नेमकी त्याच दिवशी कस्तुराबाई आपल्या मुलीच्या रुखवताचे पीठ घेऊन आली होती. ती यावेळी काही बोलली नाही. तिचे ते न बोलणेच मंजुश्रीला जास्त लागले.

कारण मित्रांनो, त्याच आठवड्यात मंजुश्रीला मोठे काम मिळाले होते. गावातल्या मठाच्या उंच पायऱ्यांना कठडा करायचा होता, लोखंडी खांबांवर स्टीलचा पाइप बसवून. मठाचे ईश्वरप्पा स्वतः घरी येऊन सांगून गेले होते. त्या कठड्याचे सारे सांधे माझ्यासारखेच व्हायचे होते.

मंजुश्रीने फोन हातात घेतला आणि ती आईकडे वळली. "अव्वा, मी ईश्वरप्पांना नको म्हणून सांगते."

"का गं?"

"माझा सांधा शेवयाच्या मशीनला टिकंना. उद्या म्हातारी माणसं त्या कठड्याला धरून चढतील. एखादं पडलं तर?" तिने शेडचे कुलूप उचलले. "शेडच बंद करते मी."

अरे, मी धड आहे! मी तसूभरही हललो नाही! मला ओरडून सांगायचे होते. पण सांध्याला तोंड असते का? ज्या मुलीने मला जन्म दिला, ती माझ्या डोळ्यांदेखत स्वतःला दोष देत होती आणि मी मुका. तेवढे दुःख मला मोटारीच्या थरथराटाने कधी दिले नव्हते.

"आधी उघडून तर बघ," रत्नम्मा म्हणाली. "न बघताच कशाला कुलूप लावतीस?"

मंजुश्रीने ग्राइंडर लावला. कुंकवाचा वाळका थर उडाला आणि खालून मी निघालो, जसाच्या तसा, चकचकीत. कडेचे लोखंड मात्र पापडासारखे पापुद्रे होऊन हातात आले. त्या पापुद्र्यांत नारळाची शेंडी अडकलेली होती. मंजुश्रीने ती चिमटीत धरली, वास घेतला आणि आईकडे पाहिले.

रत्नम्माच्या सगळे ध्यानात आले. "म्हंजे... दरसाल मीच नासवत होते व्हय गं?"

"सांधा धड हाय, अव्वा!" मंजुश्री हसत होती आणि डोळे पुसत होती. "सांध्याला काही झालं न्हाई!"

"पोरीच्या हातचं हाय ते," कस्तुराबाई डब्यावर हात ठेवून म्हणाली. "नुसता नारळ फोडून मोडतंय व्हय?"

मंजुश्रीने गंजलेले लोखंड कापून टाकले, नवा तुकडा माझ्या कडेला त्याच जातीच्या रॉडने जोडला आणि लोखंडाला रंग दिला. रुखवताच्या शेवया कस्तुराबाईच्या मनाजोग्या झाल्या. श्रावणाच्या आत मठाचा कठडाही उभा राहिला.

परवा पुन्हा खंडेनवमी झाली. रत्नम्मा नारळ घेऊन आली. सवयीने हात माझ्यावर उगारला आणि तसाच थांबला. तिने नारळ दारातल्या दगडावर फोडला. मला कुंकवाचे एकच बोट लावले. संध्याकाळी ते कोरड्या फडक्याने पुसले, लोखंडाला तेलाचा हात दिला आणि यंत्रावर सुती धोतर टाकले, वारा खेळेल असे. मग तेच फडके कमरेला खोचून ती बाहेर पडली.

"अव्वा, ते फडकं कुठं नेतीस?" मंजुश्रीने विचारले.

"मठात," रत्नम्मा म्हणाली. "आज लोकांनी कठड्याला बी कुंकू लावलं असंल. चढता चढता पुसत जाते."

मित्रांनो, तिकडे माझी कितीतरी भावंडे आहेत. तुमच्या घरीही एखादा सांधा असेल, झोपाळ्याचा, शिडीचा, आजीच्या खुर्चीचा. त्याची पूजा जरूर करा, आम्हाला ती आवडते. फक्त नंतर एक कोरडे फडके फिरवा.