कोपराच्या उंचीचं मशीन

मशीन आलं त्या दिवशी चार माणसं ते टेम्पोतून उतरवताना घामाघूम झाली, आणि थोरली त्यांच्या डोक्यावर उभी राहून ओरडत होती, "हळू रे! पोतं टाकल्यासारखं काय टाकता? तुमच्या सासऱ्याचं कपाट नाही ते!"

थोरली म्हणजे दोन बहिणींतली मोठी. वय बहात्तर. घरीदारी सगळे तिला थोरलीच म्हणत, आणि तीही जिथं जाईल तिथं थोरलीच असायची. चाळीस वर्षं तिनं शिलाईचं दुकान चालवलं. ते बंद केलं तेव्हा सगळ्यांना वाटलं, आता बाई पाय पसरून बसेल. बाईनं लाकूड कातायचा लेथ घेतला. तोही असातसा नाही. सगळं अंग ओतीव लोखंडाचं, वरचा पाट आरशासारखा घासलेला, आणि चालू केला तर मांजर घोरावं तेवढाच आवाज.

बसवायला आलेल्या मेकॅनिकला तिनं तीनदा मशीनचे पाय खालीवर करायला लावले.

"आजी, पुस्तकात हीच उंची दिलीय," तो वैतागून म्हणाला.

"पुस्तक माझं कोपर मोजून छापलंय का? लाकूड जिथं फिरतं, तो मध्य माझ्या कोपराला लागला पाहिजे. एक बोट वर राहिला तर खांदा जातो, एक बोट खाली गेला तर कंबर. कर वर."

त्यानं केलं. मग तिनं मशीन पूर्ण वेगात सोडलं आणि पाटावर एक नाणं कडेवर उभं केलं. नाणं हललंसुद्धा नाही. थोरली बराच वेळ त्या नाण्याकडे बघत राहिली. सुनेनं चहा आणला तो गार झाला.

"आई, एवढं काय बघताय?"

"आमच्या बाबांच्या मशीनवर हे नाणं शेजारच्या घरात जाऊन पडलं असतं," थोरली म्हणाली. आणि डोळे पुसायचे होते म्हणून तिनं पदरानं मशीन पुसलं.

वडील पलंगाचे पाय कातायचे, जिन्याच्या कठड्याचे दांडे कातायचे. त्यांचा लेथ जुनाट, चालू झाला की दम लागलेल्या म्हाताऱ्यासारखा ठसकायचा. थोरलीला त्यांनी तेराव्या वर्षी पटाशी हातात दिली. धाकटी खालचा भुसा झाडायची, ढलप्या पोत्यात भरायची आणि रोज विचारायची, "बाबा, मी कधी?"

"कोपर पोचलं की."

धाकटीचं कोपर काही पोचलं नाही. ती अंगानं बुटकीच राहिली, थोरलीच्या कानाच्या पाळीपर्यंत. बाबांना मशीन खाली घ्यावं असं कधी सुचलं नाही. आणि थोरलीला सुचलं असतं तरी ती बोलली नसती. त्या मशीनपाशी एकटीनं उभं राहण्यात एक गोडी होती, आणि ती वाटून खायला थोरली काही तयार नव्हती.

वडील गेले तेव्हा वर्कशॉपची जागा आठवड्यात रिकामी करून द्यायची होती. धाकटी लांबच्या गावी, तिला यायला तीन दिवस लागणार. थोरलीच्या घरात तर सुई ठेवायला जागा नाही. तिनं कुणाला न विचारता भंगारवाला बोलावला आणि लेथ देऊन टाकला. धाकटी आली तेव्हा जमिनीत चार बोल्टांची चार भोकं होती, बस.

"विचारायचं तरी होतंस मला, ताई."

"विचारून काय केलं असतंस? चालवता येत होता का तुला?"

हे वाक्य तोंडातून गेलं, आणि गेलेलं वाक्य काही परत येत नाही. फळीवर बाबांनी शेवटी कातलेला डबा होता, मुठीत मावेल एवढा. त्याचं झाकण वर नुसतं टेकवायचं आणि हात काढून घ्यायचा. मग ते आपलं आपण, हळूहळू खाली बसायचं, आणि आतली हवा निघताना एक बारीक उसासा यायचा. इतकं ते बेताचं होतं. धाकटीनं झाकण उचललं, पिशवीत टाकलं आणि निघून गेली. थोरलीला वाटलं, येईल डब्यासाठी मागे. धाकटीला वाटलं असेल, ताई मारेल हाक. एकतीस वर्षं झाली. लग्नकार्यात भेटल्या तर पंगतीत एकमेकींना वाढलं, शेजारी बसल्या, एवढंच. उघडा डबा थोरलीच्या कपाटात, तिच्या साड्यांच्या मागे.

लेथ घेतला तो त्या डब्यासाठी. हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. डब्याला झाकण करायचं, तसंच, उसासा टाकत बसणारं. एवढं झालं की मग कुणाचं काही अडत नाही.

पहिले पंधरा दिवस हात आठवण्यात गेले. हात काही विसरला नव्हता, उलट नको ते लक्षात ठेवून होता. जुन्या मशीनचा ठसका सांभाळायला डावा हात दाबून धरायची सवय, आणि इथं ठसकाच नाही. दाबलं की पटाशी खोल घुसायची. "अगं बाई, हा आजारी नाही," ती स्वतःलाच सांगायची, "याला धरून ठेवायला नको." मग हात सैल सुटला, आणि लाकडाची साल लांबच लांब, रिबिनीसारखी निघायला लागली. त्या दिवशी ती दुपारचं जेवण विसरली.

पहिलं झाकण झालं. डब्याच्या तोंडावर ठेवलं. बसेना. दुसरं केलं, एक केस बारीक. एका बाजूनं घट्ट, दुसरीकडून फट. तिसरं तिनं श्वास रोखून केलं. तेही तसंच.

"मशीनमध्ये खोट असेल," सून दारातून म्हणाली.

"तुझ्यात असेल! मशीनला काही म्हणायचं नाही."

पण मग तिला शंका आली. मापाचा चिमटा घेतला. डब्याचं तोंड एकदा उभं मोजलं, एकदा आडवं. नखाच्या जाडीएवढा फरक. झाकणं तिन्ही गोल होती, अगदी चंद्रासारखी. डबाच गोल राहिला नव्हता. लाकूड वर्षानुवर्षं वाळतं, रेषांच्या एका अंगाला जास्त, दुसऱ्या अंगाला कमी. बाबांनी गोल कातलेला डबा एकतीस वर्षांत अंड्यासारखा झाला होता.

ती खुर्चीत बसली. उपाय दहा मिनिटांचा होता. डबा बुडाकडून मशीनच्या जबड्यात धरायचा आणि तोंड आतून पुन्हा गोल करून घ्यायचं. मग झाकण असं बसेल की बाबा असते तर पाठ थोपटली असती त्यांनी.

तिनं डबा जबड्यात धरला. मशीन हळू सोडलं. फिरणाऱ्या तोंडाची कड एका जागी ठरेना, दोन कडा असल्यासारखी थरथरायची. पटाशी टेक्यावर ठेवून तिनं पुढं नेली. टोक लागलं. टक-टक, टक-टक. जिथं डबा दबला होता तिथंच लागत होतं, इतर ठिकाणी हवा.

आणि तेवढ्यात तिच्या मनात आलं, ते झाकण.

एकाच ओंडक्याचं, एकाच दिवशी कातलेलं, डब्याच्या वरचंच लाकूड. ते तिकडे लांब कुठल्यातरी घरात तितकंच वाळलं असेल, आणि तितकंच वाकडं झालं असेल. लाकडाच्या रेषेला रेष जुळवून धरलं तर अजून बसेल. पण हे तोंड एकदा गोल केलं, की ते या जन्मात बसायचं नाही.

पटाशी तिनं मागे घेतली. बटण दाबलं. इतकं चांगलं मशीन, लगेच थांबलं. डब्याच्या कडेला दोन बारीक ओरखडे उमटले होते. त्यांच्यावरून तिनं अंगठा फिरवला, पुन्हा फिरवला.

"फोन दे गं," ती सुनेला म्हणाली. "तुझ्या मावससासूचा नंबर लाव."

सुनेनं लावून दिला.

"कोण?" पलीकडून आवाज आला. म्हातारा झाला होता आवाज.

"मी."

"मी कोण? इथं सगळेच मी म्हणतात."

"ताई बोलतेय."

पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला. मग, "कोण गेलं?"

"कुणी नाही गेलं. मी लेथ घेतलाय."

थोरलीला वाटलं, ठेवला फोन.

"आवाज करतो का?" धाकटीनं विचारलं.

"नाही. घोरतो नुसता."

"बाबांचा ओरडायचा."

"हो." थोरलीनं जबड्यातल्या डब्याला हात लावला. "झाकण आहे का तुझ्याकडे?"

"आहे. त्यात माझ्या सकाळच्या गोळ्या ठेवते."

"गोळ्यांसकट घेऊन ये."

"गुडघे गेलेत माझे. तूच ये की, एवढी हौस आहे तर."

"मशीन पिशवीत घालून आणू का? चालवायचंय ना तुला?"

हे बोलल्यावर थोरलीनं फोन कानाला आणखी दाबून धरला. जवळपास तेच शब्द, एकतीस वर्षांनी, आणि या वेळी काय ऐकू जाईल कोण जाणे. पलीकडे कुणीतरी नाक ओढल्याचा आवाज आला.

"बघते," धाकटी म्हणाली आणि फोन ठेवला.

थोरलीनं डबा जबड्यातून काढला, पुसला, फळीवर उघडाच ठेवला. मग सुनेला म्हणाली, "मोठा पाना आण. मशीन खाली घ्यायचंय."

"खाली? अहो, मेकॅनिकचा जीव खाऊन लावून घेतलीत ना उंची?"

"ती माझी होती." थोरलीनं आपल्या कानाच्या पाळीला हात लावला, तिथून डोळ्यांनीच खाली मोजत कोपरापर्यंत आली. "चार बोटं. थांब. आता धाकटीही वयानं खचली असेल. पाच घे."

दोघींनी मिळून चारही पाय पाच बोटं खाली घेतले. सून धापा टाकत होती.

"आणि मावशी नाही आल्या तर?"

"तू बोल्ट आवळ."

मग थोरलीनं मऊ लाकडाचा एक तुकडा मशीनवर चढवला आणि वाकून, मधूनमधून कंबरेवर हात ठेवत, त्याच्या चारही कडा तासून घेतल्या, म्हणजे नवख्या हाताला पटाशीचा झटका बसू नये. पुढचं काही कातलं नाही. तसाच ठेवला.

रोज सकाळी ती कापड काढते, पाट पुसते, तेलाचा थेंब सोडते. मशीन जरा वेळ चालवते. तुकडा रिकामाच फिरतो. रस्त्यावर गाडी थांबल्याचा आवाज आला की ती बटण बंद करते आणि ऐकत उभी राहते.